नीळ सोडायचा दिवस

पंचांगात हस्त लागायला दोन-चार दिवस उरले की आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानात निळीच्या पुड्यांचा तुटवडा पडतो. नव्या माणसाला वाटावं, या गल्लीत सगळे पांढऱ्या कपड्यांतले पुढारीच राहतात की काय. खरं तर पांढरं धोतर आता एकट्या सुवालाल शेठजींच्या अंगावर उरलंय, आणि तेही धोबी धुतो. आम्ही ती नीळ कपड्यांना घालत नाही, न्हाणीत ओततो. ठरल्या दिवशी, सकाळी, एकेक घर करून. गल्लीच्या खालच्या टोकाला गोदामावशी नालीच्या तोंडाशी बसून बघत राहते, पाणी निळं येतंय का. निळं आलं नाही, की सगळे चहा पितात आणि आपापल्या कामाला लागतात.

यंदाच्या माझ्या दोन पुड्या फडताळात आणून ठेवल्यात. त्यांच्या शेजारी एक कागद घडी घालून ठेवलाय. तो कागद मला चार दिवसांपासून छळतोय.

झालं असं, की नगरपंचायतीतून एक मुलगी आली होती. मुलगी म्हणजे इंजिनिअर. पण मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे तिशीच्या आतलं कोणीही मला मुलगीच वाटतं. गळ्यात ओळखपत्र, पाठीला पिशवी, पायात चिखलाचे बूट. म्हणाली, गल्लीतली पावसाची नाली आता नव्यानं बांधायची आहे. त्या नालीत पावसाशिवाय दुसरं काही जाता कामा नये, कारण तिचं पाणी शेवटी ओढ्यात आणि विहिरीसाठी केलेल्या शोषखड्ड्यात जातं. म्हणून प्रत्येक घरानं एक फॉर्म भरायचा. त्यात दोनच प्रश्न. नालीला तुमच्या घरातलं सांडपाणी जोडलेलं आहे का? आणि खाली, पूर्वी कधी जोडलेलं होतं का?

"जुनं असलं तरी कोणावर काही कारवाई नाही मॅडम," ती म्हणाली. "फक्त नाली कुठं कुठं फोडली होती ते कळलं पाहिजे. आणि तुमचं तर दोन मिनिटांचं काम. सगळे सांगतात, अख्ख्या गल्लीत तुमचंच घर पहिल्यापासून स्वच्छ होतं."

मी म्हटलं, ठेवून जा बाई, चष्मा सापडत नाहीये. चष्मा माझ्या नाकावर होता. तिनं तो पाहिला आणि कागद टेबलावर ठेवला. आजकालच्या मुलींना रीत नसते असं म्हणणाऱ्यांनी हिला एकदा भेटावं.

हस्ताच्या दिवसांना आमच्याकडे सोयाबीनचा वास असतो. मळणी होऊन आलेलं सोयाबीन डांबरी रस्त्याच्या निम्म्या अंगावर वाळत घातलेलं असतं आणि जाफराबादकडून येणारी यष्टी उरलेल्या निम्म्या रस्त्यावरून, एखाद्या नव्या सुनेसारखी, अंग चोरून जाते. हवेत कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, उडतं. ते केसात बसतं, भाजीत पडतं, डोळ्यात जातं. दुपारपर्यंत ऊन असं, की छत्री घ्यावी ती उन्हासाठीच. आणि चार वाजले की बुलढाण्याच्या अंगानं काळं काहीतरी वर येतं. मग रस्त्यावर जी धावाधाव होते ती पाहण्यासारखी. माणसं ताडपत्र्या घेऊन पळतात, बाया झाडू घेऊन, कोणी कोणाचं सोयाबीन झाकतं हे बघायला सवड नसते. तेवढ्या दहा मिनिटांत सगळं गाव एका घरासारखं वागतं. पाऊस थांबला की पुन्हा ज्याची त्याची रास आणि ज्याचं त्याचं भांडण.

त्या पावसाचं पाणी बाजारपेठेतून उतरतं आणि आमच्या गल्लीतल्या नालीतून खाली जातं. नाली जुनी, दगडी, बांधली तेव्हा फक्त पावसासाठीच बांधलेली. पुढे प्रत्येकानं आपल्या दारापुढे तिच्यावर फरशी टाकली, फरशीवर पायरी बांधली, पायरीवर तुळस ठेवली. नाली दिसेनाशी झाली. आणि न दिसणाऱ्या गोष्टीत माणूस काय काय सोडतो, हे सांगायला विज्ञानाच्या बाईंची गरज नाही.

गल्ली जिथं संपते तिथं गोदामावशीचा मळा. मळा म्हणायचा एवढंच, आहे अर्ध्या एकराचा तुकडा. टेंभुर्णीकडच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन इथं आली, नवरा लवकर गेला, तिनं वांगी-मेथी-कोथिंबीर लावून दोन पोरींची लग्नं केली. त्या तुकड्यात तिची विहीर. दगडी बांधणीची, फार खोल नाही, पण पाणी असं, की आमच्या गल्लीत वरण शिजवायला लोक नळाचं पाणी वापरत नसत. मावशीच्या पाण्यात डाळ गळते, असं सगळ्या बायांचं मत. माझंही तेच. विहिरीवर लोखंडी कप्पी, कप्पीवर दोर, दोराला पितळी पोहरा. दोर कायम लावलेला. तिच्या घरची रीत होती ती: दोर लावलेला आहे म्हणजे पाणी सगळ्यांचं, विचारायचं नाही. मावशी मळ्यात वाकलेली असली तर मान वर करूनही बघत नसे, कोण पाणी काढतंय.

निळीची ही रीत ज्या वर्षी सुरू झाली, त्या वर्षी उन्हाळा लांबला. नळाला बारा-पंधरा दिवसांनी पाणी, तेही धारेनं नाही तर थेंबानं. अख्खी गल्ली मावशीच्या विहिरीवर. विहिरीत पाणी इतकं खाली गेलं होतं, की पोहरा तळाच्या दगडाला लागल्याचा आवाज वरती यायचा, ठण्ण. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मावशी सगळ्यांना एकच सांगायची, "दोन दोन घागरी घ्या, पन घ्या. हीर काही मही एकटीची न्हाई." तिचा स्वतःचा मळा त्या वर्षी वाळला. मेथीचं एक पान तिनं विकलं नाही. आम्ही तिच्या मेथीचं पाणी प्यायलो, हे तेव्हा आम्हाला कळत होतं आणि आम्ही ते बोलत नव्हतो.

आषाढ-श्रावण कोरडेच गेले. आणि पोळ्याच्या सुमारास मला ती कल्पना सुचली.

मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते: पाणी अडवा, पाणी जिरवा. भिंतीवर तेच, वहीत तेच, प्रभातफेरीत तेच. आमच्या भागात पाणी वाहून जाताना दिसलं की माणूस हातातलं काम टाकून त्याला बांध घालायला धावतो. दुसरीकडे लोक पावसाचं पाणी घरात शिरेल म्हणून घाबरतात. आम्ही ते हातून जाईल म्हणून घाबरतो. तर मी म्हटलं, एवढी गल्लीभर लांब नाली, तिचं पाणी फुकट ओढ्याला जातंय. तीच मावशीच्या विहिरीत वळवली तर? एका हस्तात विहीर भरेल. तिनं आपल्याला उन्हाळाभर पाजलं, आता आपण तिची विहीर भरून देऊ.

ही कल्पना कोणाला आवडली नसती? शेठजींनी सिमेंटच्या गोण्या दिल्या. तरुण पोरांनी चर खणला. करीम मिस्त्रीनं नालीचं तोंड ओढ्याकडून फिरवून विहिरीच्या कठड्यात बसवून दिलं. नारळ फोडला. मावशीला हळदकुंकू लावून, तिच्या हातानं पहिली कुदळ मारून घेतली. ती लाजून म्हणाली, "कामून एवढं करून राह्यले? पाणीच तं पाजलं." आणि डोळ्याला पदर लावला. मला आठवतं, त्या दिवशी मी फार खूश होते. स्वतःवर खूश असणं ही एक वेगळीच चव असते, वेलदोड्यासारखी, बराच वेळ तोंडात राहते.

हस्ताचं त्या वर्षी वाहन बेडूक होतं. शेठजी रोज पंचांग काढून सांगायचे, "बाईजी, बेडूक है, बेडूक. खाली जात नसतो." आणि खरंच हस्त कोरडा गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जो पाऊस आला तो दोन तास हलला नाही. छत्र्या घेऊन आम्ही सगळे विहिरीपाशी उभे. नालीच्या तोंडातून लाल, फेसाळ पाणी धो धो पडत होतं आणि विहीर डोळ्यादेखत वर येत होती. एक पायरी बुडाली, दुसरी बुडाली. पोरं टाळ्या वाजवत होती. कोणीतरी म्हणालं, भरली, भरली! मावशी पावसात भिजत, हात जोडून उभी होती.

त्या पाण्यात काय काय होतं, हे मला तिथं उभं असताना कळायला हवं होतं. मी सहावीच्या मुलांना गाळणक्रिया शिकवत असे. वाळू, कोळसा, खडी यांचे थर फळ्यावर रंगीत खडूनं काढत असे. वीस वर्षं काढले. पण टाळ्यांच्या आवाजात ते चित्र आठवलं नाही.

आठ-दहा दिवसांत पाण्याला वास सुटला. आधी मेथी कुजल्यासारखा, मग त्याहून वाईट. वर साबणाचा तवंग. सकाळी पोहरा वर आला की त्यात बारीक फेस दिसे. बाजारातलं कुजकं कुटार होतं, गॅरेजचं काळं तेल होतं, फवारणीचे पंप लोक नालीवरच धूत ते औषध होतं. पण ते पावसाबरोबर एकदाच आलं असतं. पाऊस थांबून आठ दिवस झाले, ऊन कडक पडलं, तरी नालीच्या तोंडातून विहिरीत पाण्याची धार चालूच होती. बारीक, करंगळीएवढी. पाऊस नसताना पावसाच्या नालीला पाणी कुठून येतं? घरांतून. न्हाण्यांतून, मोऱ्यांतून. फरशीखाली ज्यानं त्यानं आपली नळी हळूच जोडून ठेवली होती.

मावशीनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. एका सकाळी आम्ही पाहिलं तर कप्पीवर दोर नव्हता. तिनं तो काढून, गुंडाळून, घरात खुंटीला लावला होता. पोहरा कठड्यावर पालथा.

आणि त्याच दिवशी मी तिला हापशावर पाहिलं. शाळेत जाताना. बसस्टँडच्या मागच्या हापशावर बायांची रांग आणि रांगेत शेवटी गोदामावशी, काखेत घागर. आयुष्यात ती कोणाच्या पाण्यासाठी रांगेत उभी राहिली नव्हती. तिचा नंबर कधी येतो, आपण कुठं उभं राहायचं, घागर खाली ठेवायची की कमरेवरच, तिला काहीच कळत नव्हतं. पुढच्या बाईनं तिला ढकललं तशी ती मागं सरकली. मी तिच्याजवळून गेले. तिनं मला हाक मारली नाही. मीही थांबले नाही. त्या दिवशी सहावीच्या वर्गात मी काय शिकवलं, मला आठवत नाही.

संध्याकाळी शेठजींच्या ओट्यावर सगळे जमले. आणि काय आश्चर्य, कोणाचीच नळी नव्हती! शेठजींची नव्हती, शेजारच्या देशमुखांची नव्हती, वरच्या गॅरेजवाल्याची तर मुळीच नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायरीकडे बघत होता. एक जण म्हणाला, मंग नालीला काय पान्हा फुटला का? हसले सगळे, पण मावशी एका बाजूला पायरीवर बसली होती, ती हसली नाही. ती म्हणाली, "मला कोनाचं नाव न्हाई पाह्यजे. मला फक्त पाणी बंद झालेलं पाह्यजे. मही हीर मला वापस द्या."

तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, नाली वळवायची कल्पना माझी होती, चूक माझी आहे. सगळे म्हणाले, असू द्या बाई, चांगल्यासाठीच केलं. चांगल्या हेतूनं केलेली चूक कबूल करायला काही लागत नाही. उलट माणूस थोडा मोठाच होतो. मग मी उपाय सांगितला. परवा सकाळी प्रत्येकानं आपल्या न्हाणीत नीळ घालून बादलीभर पाणी ओतायचं, एका वेळी एकच घर, आणि खाली तोंडाशी बघायचं. ज्याचं निळं येईल त्यानं नळी बुजवायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठजी म्हणाले, "बाईजीचं डोकं म्हणजे बिलकुल बराबर."

उद्या का नाही आणि परवा का, हे कोणी विचारलं नाही.

माझ्या न्हाणीची नळीही त्याच नालीत होती. घर बांधताना करीम मिस्त्रीनं विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, जोडून टाक, अंघोळीचं पाणी ते, त्यात काय घाण असते? मधल्या दिवशी मी शाळेला रजा टाकली. दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, करीमला मागच्या दारानं बोलावलं. त्यानं माझ्या दारची फरशी उचलली, नळीच्या तोंडात सिमेंट भरलं आणि न्हाणीचं पाणी परसातल्या केळीकडे काढून दिलं. केळीही त्याच दिवशी लावली. आधी तिथं निवडुंग होता. "बाई, एवढी जल्दी कायला?" तो म्हणाला. "उद्या सगळ्यांचंच करायचं हाये ना." मी म्हटलं, माझी सकाळी शाळा असते. त्यानं मान हलवली आणि थापी धुतली. बिचारा देवाघरी गेला, पण कोणाजवळ बोलला नाही.

परवाची सकाळ. पहिला नंबर शेठजींचा, कारण ते सगळ्यात वर. शेठाणींनी न्हाणीत नीळ ओतली आणि आम्ही सगळे खाली विहिरीपाशी डोळे लावून बसलो. थोड्या वेळानं ती बारीक धार निळी झाली. अगदी सुंदर निळी. मग जो हशा झाला! शेठजी स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले आणि कान धरले. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांना गल्लीत पहिल्या नंबरचे चोर म्हणतात, आणि ते ऐकून घेतात. मग देशमुखांचं निळं आलं. मग गॅरेजवाल्याचं. एकेक घर निळं निघत गेलं.

माझ्या घराची पाळी आली. मी पुड्या ओतल्या, दोन बादल्या पाणी ओतलं, आणि खाली आले. धार जशी होती तशीच. कोणीतरी म्हणालं, बाईंचं काय येणार, त्या शिकवतात आम्हाला. मावशी मात्र तेवढ्यात उठली आणि फरशी फरशी बघत वर चढली. नळ्या बुजवायला सकाळीच उघडी करून ठेवलेली प्रत्येक फरशी ती वाकून बघत होती. माझ्या दारापाशी आली, खाली वाकली, आत हात घातला. तिनं बोट बाहेर काढलं, पदराला पुसलं, आणि पुढच्या दाराकडे गेली. मला वाटलं, चिखल असेल. मी तसं वाटून घेतलं.

त्या हिवाळ्यात सगळ्या नळ्या बुजल्या. नालीचं तोंड पुन्हा ओढ्याकडे वळवलं. विहीर तीनदा उपसली, गाळ काढला, चुना टाकला, आणि वाट बघितली. ते वर्षभर मावशी हापशावर जात राहिली. पुढच्या पोळ्याला, या खेपेला नीट, विहिरीपासून दूर एक मोठा खड्डा घेतला. खाली गोटे, वर खडी, कोळसा, वाळू. फळ्यावरचं माझं चित्र अखेर जमिनीत उतरलं. नालीच्या तोंडाशी लाकडी फळी बसवली. फळी लावलेली असली की पाणी ओढ्याला, उचलली की खड्ड्यात, आणि तिथून जमिनीतून मुरत मुरत विहिरीला. मृगापासून उत्तरेपर्यंतचा पाऊस रस्ते धुतो, तो ओढ्याचा. हस्ताचा पाऊस विहिरीचा. आणि त्याच्या आधी नीळ. ही रीत तेव्हापासून चालत आली. फळी उचलायचा मान मावशीचा.

त्या दुसऱ्या हस्तात, पाऊस पडून गेल्यावर, मावशीनं खुंटीवरचा दोर काढला आणि कप्पीवर चढवला. आम्ही सगळे होतो. पहिला पोहरा वर आला. मी पुढे झाले, म्हटलं, आधी मला द्या, चूक माझी होती. ती म्हणाली, "न्हाई बाई. हीर मही हाये. काही झालं तं मला आधी व्हऊ द्या." ओंजळीनं ती प्यायली. मग थांबली. जिभेवर घोळवलं. आणि पोहरा रांगेतल्या पहिल्या बाईपुढे धरला. डाळ त्या दिवशी सगळ्यांच्या घरी शिजली.

मी ते पाणी इतकी वर्षं पितेय. केळीचे घड दर वर्षी मावशीला देतेय. शेठजी मला पाहिलं की चिडवतात, "बाईजी, चोराच्या घरचा चहा घ्या." मी घेते. प्रत्येक हस्ताला नीळ ओतताना मात्र तो चहा आठवतो, एवढंच. मी कोणाचा खून केला नव्हता. एक नळी होती, आणि ती बुजवलीही होती, सगळ्यांच्या आधी. असं मी स्वतःला सांगत आले. पण ती मुलगी कागद ठेवून गेली, आणि दुसऱ्या प्रश्नापुढची जागा माझ्याकडे बघत राहिली. पूर्वी कधी जोडलेलं होतं का?

आज सकाळी कागद घेतला, शाईचं पेन घेतलं (निवृत्तीच्या दिवशी मुलांनी दिलेलं, गळकं, पण मी दुसरं वापरत नाही) आणि खाली मळ्यात गेले. गुडघे आता उताराला कुरकुरतात. मावशी विहिरीच्या कठड्याला टेकून मूग निवडत होती. पाठीत पार वाकलीय, पण सुपातला खडा तिला माझ्या आधी दिसतो. उद्या नीळ सोडायची, म्हणून फळी धुऊन उन्हात ठेवली होती.

"या बाई. बसा. काय कागद आनला?"

मी बसले आणि सांगितलं. मधला दिवस, करीम, सिमेंट, केळी, सगळं. एका दमात, मुलं चुकीचं उत्तर सांगतात तसं, जमिनीकडे बघत. मावशी मूग निवडत राहिली. माझं बोलणं संपलं तरी तिचा हात थांबला नाही.

मग म्हणाली, "सिमेंट वलं व्हतं."

"काय?"

"त्या दिशी. तुमच्या नळीच्या तोंडाचं. म्या बोट घातल्तं, तं बोट आत गेल्तं."

विहिरीत कुठंतरी खाली पाणी झिरपल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मग तुम्ही बोलल्या का नाहीत? इतकी वर्षं?"

"काय बोलू? नळी बुजली व्हती ना?" तिनं सूप खाली ठेवलं. "मला पाणी पाह्यजे व्हतं बाई. तुमची मान खाली गेल्यानं मही हीर साफ व्हनार व्हती का? आन तुमच्या मागं अजून चार घरं राह्यल्ती. बाईचंच असं, म्हनले असते, आन कोनीच नीळ ओतली नसती." मग ती हसली. "पन आता शेठजीला सांगा. लई वर्षं झाले, बिचारा एकटाच चोर हाये."

मी हसले आणि त्याच वेळी रडले. या वयात दोन्ही एकदम जमतं. उद्या सकाळी नीळ ओतायच्या आधी शेठजींच्या ओट्यावर जायचं, चहा मागायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचं, असं तिथंच ठरवलं. कागद मांडीवर धरून दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं: होय.

"काय लिव्हलं?" मावशीनं विचारलं. तिला वाचता येत नाही.

"होय लिहिलं."

"हां. बराबर."

ती कठड्याला धरून उठली. पोहरा सोडला, कप्पी कुरकुरली, आणि भरलेला पोहरा वर आला. तिनं तो माझ्यापुढं ठेवला. मी ओंजळ पुढे केली.

"थांबा, आधी बोट पुसा," ती म्हणाली. "शाई लागली."

मी बोट पदराला पुसलं, त्या दिवशी तिनं पुसलं होतं तसंच, आणि पाणी प्यायले.